बिजागरी ओढून पाहणारे सर

कोणाच्याही घरी गेल्यावर सर लगेच खुर्चीवर बसत नसत. खुर्चीची पाठ दोन्ही हातांनी धरून ती मागे ओढत, मग डावीउजवीकडे पिळत. ती कुरकुरली नाही तर बसत. कुरकुरली तर उभे राहूनच चहा घेत आणि यजमानाकडे असे पाहत, की खुर्ची त्यानेच रात्रभर जागून सैल केली असावी.

शिंप्याकडून सदरा आला की त्याची बटणे ओढत. विद्यार्थ्याने प्रयोगाची जोडणी केली की तारा ओढत. मंडईत दुधी घेताना त्याचे देठ ओढत. माझ्या घराला नवे फाटक बसवले तेव्हा मी बोलावलेले नसताना ते पाहायला आले. त्यांनी फाटक ओढले, पुन्हा ओढले, आणि आणखी एकदा ओढल्यावर वरची बिजागरी भिंतीतून निघून त्यांच्या हातात आली.

"बरे झाले," ते म्हणाले, "माझ्या हातात आली. चोराच्या हातात आली असती तर?"

दुसऱ्या दिवशी गवंडी आला. भोक पाहून म्हणाला, "सिमेंट ओलं व्हतं ना, मास्तर. वाळेस्तोवर हात लावू नका म्हणलं व्हतं म्या."

हा निरोप मी सरांना पोहोचवला. त्यांनी तो ऐकून घेतला आणि गवंडी बदला असे सांगितले.

ते आमच्या महाविद्यालयात भौतिकशास्त्र शिकवत. मी गणित शिकवत असे. हिंगोलीत आमची घरे एकाच गल्लीत होती. नोकरीत असताना आम्ही एकमेकांना सहन केले आणि निवृत्तीनंतर एकमेकांची सवय झाली. याला मैत्री म्हणावे की नाही, याचा विचार मी केलेला नाही.

विमानांचा नाद त्यांना कुठून लागला हे कोणालाच ठाऊक नव्हते. हिंगोली जिल्ह्यात विमान दिसते ते आभाळात, पांढऱ्या रेघेच्या टोकाला. सरांचे विमान मात्र पुठ्ठ्याच्या खोक्यातून कुरिअरने येई. रेडिओच्या लहरींवर चालणारी ही छोटी विमाने पंख, धड, शेपटी अशा तयार भागांत मिळतात. कारखान्यात त्यांवर रंगीत आवरण इस्त्रीने चिकटवलेले असते. घेणाऱ्याने भाग जोडायचे, मोटर बसवायची आणि उडवायचे. खोक्यावर लिहिलेले असते की विमान उडण्यास जवळजवळ तयार आहे.

या 'जवळजवळ'वर सरांचा राग होता. "जवळजवळ म्हणजे काय, मास्तर?" ते मला विचारत. "जवळजवळ उत्तीर्ण, जवळजवळ जिवंत, असे काही असते का? कारखान्याने अर्धे काम केले आणि उरलेल्या अर्ध्यात आपले दोष लपवले, एवढाच त्याचा अर्थ."

ते दोष शोधण्यात त्यांचे आयुष्य गेले. विमान उडवणे हा त्यांचा विषय नव्हता. त्यांनी एकही विमान कधी उडवले नाही. "परीक्षकाने पेपर सोडवायचा नसतो," असे ते म्हणत.

परीक्षा पाहण्यासारखी असे, हे मला मान्य करावे लागेल. खोके उघडले की ते आधी वास घेत. डिंक कच्चा असेल तर वासाने कळतो असे त्यांचे म्हणणे होते. मग पंख खिडकीतल्या उन्हासमोर धरत. आवरणातून आतल्या फासळ्या दिसत, आणि एखादी तडकलेली असली तर तीही दिसे. पंखाच्या टोकाकडून एक डोळा मिटून पाहत आणि त्यात पीळ आहे का ते ताडत. नाकापासून दोन्ही पंखांच्या टोकांपर्यंत दोरा लावून अंतर सारखे आहे का पाहत. दोन्ही पंख तराजूत घालत. मोटर ज्या फळीवर बसायची ती फळी बोटाच्या पेराने वाजवत आणि कान जवळ नेत. स्क्रू हातात घेऊन नखाने खरवडत. आवरणाला सुरकुती असली तर हसत. "हे थंड मुलखात शिवलेले कातडे आहे. आपल्या उन्हाळ्यात याचे काय होईल?"

आणि शेवटी बिजागऱ्या. पंखांना आणि शेपटीला हलणाऱ्या पट्ट्या असतात. त्यांच्यामुळे विमान वळते, वर जाते, खाली येते. त्या पट्ट्यांच्या बिजागऱ्या लोखंडी नसतात. कागदासारखी एक चिवट पट्टी हलक्या लाकडातल्या फटीत घालून डिंकाने बसवलेली असते. सर ती हलणारी पट्टी चिमटीत धरत आणि ओढत. "माझ्या दोन बोटांनी निघते ते वारा ठेवील का?" हा त्यांचा प्रश्न असे.

बैलगाडीवर ते अशी मेहनत का घेत नाहीत, असे मी एकदा विचारले. ते म्हणाले, "गाडीत दोष असला तर गाडी थांबते. विमानाला थांबायला जागा नसते." हे वाक्य मला आवडले होते. त्यांची आवडलेली वाक्ये मोजकी आहेत, म्हणून नोंदवतो.

त्यांची कीर्ती हळूहळू पसरली. वाशिमहून, नांदेडहून हौशी माणसे खोकी घेऊन येत आणि पडलेल्या चेहऱ्याने परत जात. कळमनुरीचे एक डॉक्टर आले होते. त्यांनी लाल पंखांचे मोठे विमान मागवले होते आणि ते लेकराला घ्यावे तसे उचलून आणले होते.

"दुकानदार तर एकदम टॉप म्हणला, सर," डॉक्टर म्हणाले.

"तो विकणारा आहे. तुमच्या औषधांना तुम्ही काय म्हणता?"

डॉक्टर हसले. मग सरांनी शेपटीची पट्टी ओढली आणि ती हातात आली. डॉक्टरांचे हसणे थांबले.

"हे वाऱ्याने काढले असते," सर म्हणाले. "मी काढले. आभार माना."

"आता बसवून द्या की मग."

"मी काढतो. बसवणे माझे काम नाही."

डॉक्टर खोके उचलून निघून गेले. पुढे कळले की त्यांनी ती पट्टी स्वतःच चिकटवली आणि कळमनुरीच्या बाहेर मोकळ्या रानात विमान हिवाळाभर उडवले. मी हे सरांच्या कानावर घातले. ते म्हणाले, "नशीब हा गुण नव्हे." त्या वर्षी त्यांच्या तोंडून डॉक्टरांचे नाव पुन्हा निघाले नाही.

सरांना एक मुलगा होता. त्याचीही परीक्षा याच रीतीने झाली. लहानपणी पाढा म्हणून दाखवला की सर विचारत, "नक्की?" मुलगा हो म्हणे. "नक्की ना?" मुलगा पुन्हा हो म्हणे. "विचार करून सांग. नक्की?" आणि बरोबर आलेले उत्तर मुलगा बदलून टाकी. मग सर समाधानाने माझ्याकडे वळत. "पाहिलंत, मास्तर? पकड नाही." त्यांच्या पत्नी, ज्यांना मी वहिनी म्हणतो, स्वयंपाकघराच्या दारातून म्हणत, "काहून उलटंपालटं करून राहिलेत त्या पोराला? बराबर सांगितलं व्हतं की त्यानं."

मुलगा मोठा झाला, शिकला, पुण्याला नोकरीला लागला. सर दर रविवारी फोन करून नोकरी पक्की आहे का, असे विचारीत. तो पक्की आहे म्हणे. ते पुन्हा विचारीत.

मग एका दिवाळीच्या आधी त्याने फोनवर सांगितले की त्याला परत यायचे आहे. आता आमच्या भागात सोयाबीनवर आणि हळदीवर ड्रोनने फवारणी होते. ती यंत्रे बिघडली की तेव्हा थेट पुण्याला न्यावी लागत. त्याला हिंगोलीत ती दुरुस्त करायची होती. घराची रस्त्याकडची खोली रिकामीच होती. ती वडिलांनी द्यावी आणि आपण तिथे कामाला बसावे, एवढेच त्याचे मागणे होते. दुसरीकडे जागा मिळाली असती. त्याला ती खोली हवी होती. वहिनींना तर मुलगा घरीच हवा होता.

सर म्हणाले, "तुझ्या हातचे एक विमान घेऊन ये. मी पाहीन. मग ते उडव आणि धड खाली आण. खोली तुझी."

दिवाळीत तो विमान घेऊन आला. खोके त्याने पुण्यातच उघडले होते आणि वडिलांच्या सगळ्या कसोट्या आधी स्वतः लावल्या होत्या. पंखातली सैल फासळी पक्की केली होती. आवरणाच्या सुरकुत्या इस्त्रीने काढल्या होत्या. कारखान्याच्या बिजागऱ्या काढून टाकून नव्या बसवल्या होत्या. सरांनी मला साक्षीदार म्हणून बोलावले. सकाळभर परीक्षा चालली. वास, ऊन, दोरा, तराजू, सगळे झाले. मुलगा भिंतीला टेकून उभा होता. खुर्ची रिकामी असूनही तो बसला नाही. सरांनी शेवटी बिजागऱ्या ओढल्या. एकही हलली नाही. पुन्हा ओढल्या.

वहिनी म्हणाल्या, "आता तरी बरं म्हणा लेकराला."

सरांनी विमान अलगद टेबलावर ठेवले. मग म्हणाले, "ठीक आहे."

त्यांच्याकडे यापेक्षा मोठा शब्द नव्हता आणि हा शब्द मी त्यांच्या तोंडून कोणत्याही विमानाबद्दल ऐकला नव्हता. मुलगा खाली वाकला आणि चपलेचा पट्टा नीट करू लागला. पट्टा नीटच होता.

"उद्याच उडवू या, बाबा," तो म्हणाला.

"उद्या नाही. संक्रांतीला. मधली थंडी खाऊ दे त्याला. तोवर परीक्षेची वस्तू परीक्षकाकडे राहील."

मुलगा पुण्याला गेला. विमान सरांच्या बैठकीत राहिले.

मी संध्याकाळी त्यांच्याकडे जात असे. चहा झाला की सर उठत, विमान टेबलावर घेत आणि शेपटीची पट्टी ओढत. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. आधी दोन बोटांनी ओढत. पुढे पुढे अख्ख्या मुठीने ओढू लागले.

"सर, पुरे," मी म्हणालो. "ती पक्की आहे हे तुम्हीच सांगितले."

"काल धरले म्हणजे आज धरेल असे नाही, मास्तर."

वहिनी आतून म्हणाल्या, "गाईचं थान हाय का ते, रोज संध्याकाळी ओढायला? काय दूध निघून राहिलं त्यातून?"

मी हसलो. सर हसले नाहीत. त्यांनी पट्टी पुन्हा ओढली.

संक्रांतीला मुलगा आला. हिंगोली-वाशीम रस्त्यावर कनेरगाव नाक्याच्या अलीकडे एक उघडा माळ आहे. तिथे आम्ही सकाळी गेलो: सर, वहिनी, मुलगा आणि मी. वहिनींनी तिळाच्या वड्या डब्यात आणल्या होत्या. वारा पडलेला होता. मुलाने पंख जोडले, बॅटरी बसवली आणि सगळ्या पट्ट्या हातातल्या रिमोटने हलवून पाहिल्या. शेपटीपाशी येऊन तो थांबला. त्याने पट्टी बोटाने हलकेच वर केली. ती सहज वर आली, आणि थोडी बाहेरही आली.

"बाबा, ही बिजागरी हलून राहिली."

"दाखव." सरांनी पट्टी ओढली. ती सुटली नाही, पण तिच्या मुळाशी फट दिसली. मी पाहिली. मुलानेही पाहिली. सरांनी पाहिली नसेल असे मी म्हणू शकत नाही.

"डिंक आणलाय माझ्याजवळ," मुलगा म्हणाला. "दोन थेंब सोडतो. पाच मिनिटांत पक्की होते."

"परीक्षेच्या दिवशी दुरुस्ती नाही."

"बाबा, ती सुटंल."

"पेपर सुरू झाल्यावर पुस्तक उघडू देतात का? जसे आहे तसे उडव. उडवायचे नसेल तर तसे सांग, घरी जाऊ."

मुलाने आईकडे पाहिले. वहिनींना बिजागरीचे काही कळत नव्हते, पण नवऱ्याचा आवाज कळत होता. "त्याला काय लावायचं ते लावू द्या की हो," त्या म्हणाल्या. सर माळाकडे पाहत राहिले. मुलाने डिंकाची बाटली खिशात ठेवली आणि विमान जमिनीवर टेकवले.

ते उडाले. खडीवरून थोडे धावले, मग धावणे थांबले आणि ते वर होते. मी विमानांचा भोक्ता नाही. परंतु पिवळे पंख उन्हात वळले तेव्हा मी चष्मा पुसला. त्याने माळावर एक घिरटी घेतली, मग दुसरी, मोठी. वहिनी लहान मुलीसारखे टाळ्या वाजवत होत्या. "बगा हो, बगा तरी वर!" त्या म्हणत होत्या. सर वर पाहतच होते. त्यांच्या उजव्या हाताची दोन बोटे मात्र चिमटीत मिटलेली होती.

तिसऱ्या घिरटीला शेपटीकडून भुंग्यासारखा आवाज आला. पट्टी थरथरू लागली. मग ती सुटून वेगळी खाली आली आणि विमानाने नाक खाली घातले. मुलगा रिमोटच्या कांड्या शेवटपर्यंत ओढत राहिला. त्याचा उपयोग नव्हता.

सर चालत गेले. विमानाकडे गेले नाहीत; सुटलेली पट्टी जिथे पडली होती तिथे गेले. तिला चिकटून आलेल्या बिजागरीकडे त्यांनी पाहिले आणि निकाल दिला.

"डिंक कमी."

मी ती पट्टी त्यांच्या हातातून घेतली. बिजागरीला लाकडाचे तुकडे घट्ट चिकटून आलेले होते. डिंकाने काही सोडले नव्हते. लाकूड फाटले होते, आणि फाटलेली कड ताजी पांढरी नव्हती. ती मळलेली होती, बोटांच्या मळाने.

"सर," मी म्हणालो, "हे आज फाटलेले नाही. तुम्ही रोज थोडे थोडे फाडलेत."

"तुम्ही गणिताचे, मास्तर. तुम्हाला लाकडातले काय कळते?" मग ते मुलाकडे वळले, आणि रागात त्यांची पुस्तकी भाषा सुटली. "ढिली झाली व्हती हे दिसत व्हतं ना तुला? मग उडवलंस काहून?"

"तुमी म्हणलात म्हणून," मुलगा म्हणाला.

"मी म्हणलो म्हणून! उद्या गिऱ्हाईक म्हणंल म्हणून त्याचं मशीन पाडशील. न्हाई. तू अजून जवळजवळच आहेस."

मी आणखी बोलणार होतो. मुलाने माझ्या दंडाला हात लावला. "ऱ्हाऊ द्या, काका."

वहिनी पंखांचे तुकडे पदरात गोळा करत होत्या. कोणाकडेही न पाहता त्या म्हणाल्या, "उडलं व्हतं की पण. चांगलं उडलं व्हतं." वड्यांचा डबा तसाच घरी परत आला.

मुलाने नोकरी सोडलीच. दुकान काढले ते कळमनुरीत. ज्या डॉक्टरांची पट्टी सरांनी ओढून काढली होती, त्यांनी त्याला आपल्या दवाखान्याशेजारचा गाळा दिला. दुकान चालले. पार डोंगरकडा गावापासून माणसे यंत्रे घेऊन त्याच्याकडे येतात. हिंगोलीच्या घरी तो सणाला येई, जेवी आणि उजेड असतानाच परते. वहिनी महिन्यातले निम्मे दिवस त्याच्याकडे राहू लागल्या. रस्त्याकडची खोली बंद राहिली. सरांनी तिच्या दाराची कडी मात्र रोज ओढून पाहिली.

ती सुटलेली पट्टी त्यांनी बैठकीत खिळ्याला टांगली होती. आल्यागेल्याला काढून दाखवत. "हे पाहा. डिंक कमी पडला की काय होते." दाखवताना मी समोर असलो तर माझ्याकडे पाहत नसत. आमचे बोलणे बंद झाले नाही. कमी झाले, आणि त्याने दोघांचेही फारसे अडले नाही.

गेल्या उन्हाळ्यात ते अंथरुणाला खिळले. मी भेटायला गेलो तेव्हा वहिनी कळमनुरीहून यायच्या होत्या. खिळा रिकामा होता. पट्टी त्यांच्या हातात होती आणि ते अंगठ्याने तिची फाटलेली कड चाचपत होते.

"मास्तर," ते म्हणाले, "लाकूड चांगले होते."

त्यांचा अंगठा पुन्हा त्या कडेवर फिरू लागला.

"हे मुलाला सांगा," मी म्हणालो.

"येईल तेव्हा पाहू."

तो आला तेव्हा पाहण्यासारखे काही उरले नव्हते. अंगणात माणसे जमली होती. मुलाला मी बाजूला घेतले आणि ते वाक्य जसेच्या तसे सांगितले. निरोप पोहोचवायचा तर त्यात आपले काही घालू नये, या मताचा मी आहे.

त्याने ऐकले. मग त्याने विचारले, "लाकूड चांगलं व्हतं म्हणले? आणि डिंक?"

"डिंकाबद्दल काही बोलले नाहीत."

त्याने मान हलवली आणि तो तिरडी बांधायला बसला. आमच्याकडे हे काम सहसा भावकीतली माणसे करतात, पण त्याने दोरी कोणाच्या हातात दिली नाही. बांबूवर आडव्या काठ्या ठेवून तो एकेक गाठ मारत गेला. हात सराईत होते, घाई नव्हती. शेवटची गाठ झाली तेव्हा भावकीतला एक म्हातारा पुढे झाला. "बाबू, एकदा सगळ्या ओढून बघ रे. वाटेत सुटाया नको."

पायरीवर बसलेल्या वहिनींनी मान वर केली.

"न्हाई," मुलगा म्हणाला. "बांधल्यात ना. धरतील."

म्हाताऱ्याने तरीही हात पुढे केला. मुलाने त्याचे मनगट धरले आणि हलकेच बाजूला केले.

कयाधू नदीच्या काठापर्यंत वाट बरीच खडबडीत आहे. मी मागून चालत होतो आणि गाठींकडे पाहत होतो. एकही हलली नाही.